आपल्या संघाला आपणच ओरडायचं

(१९९५ च्या दहावी बॅचच्या स्नेहमेळाव्यात रविवार, २८ डिसेंबर २०२५ रोजी केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'आयटी क्षेत्रातील माझा प्रवास'. मी प्रामाणिकपणे लिहायला बसले. इंजिनीअरिंग झालं, पुण्याला गेले, आणि गेली बावीस वर्षं घर ते हिंजवडी आणि हिंजवडी ते घर एवढाच प्रवास आहे. त्यात सांगण्यासारखं एकच, ट्रॅफिक वाढलं. म्हणून विषय बदलला. मी आज राजकारणावर आणि फुटबॉलवर बोलणार आहे.

संयोजकांचे चेहरे मला इथून दिसताहेत. आपल्या ग्रुपचा नियम मला माहीत आहे, 'कृपया राजकीय पोस्ट नकोत'. हा नियम कशामुळे आला तेही माहीत आहे. तो माझ्यामुळे आला. म्हणूनच दहा-पंधरा मिनिटं मागून घेते.

सुरुवात फुटबॉलपासून करते, म्हणजे निदान अर्धा हॉल माझ्या बाजूने राहील. मंगळवार पेठेत जन्मले, म्हणून मी पीटीएमची. पाटाकडील तालीम मंडळ. यात निवड नसते. आडनाव कुठं आपण निवडतो? माझे वडील उद्यमनगरात टर्नर होते. सुट्टीच्या दिवशी मॅच असली की मला घेऊन शाहू स्टेडियमवर जायचे. तेव्हा गॅलरीत मुली जवळजवळ दिसायच्याच नाहीत. आई म्हणायची, "पोरीला कुठं नेताय त्या गर्दीत?" बाबा म्हणायचे, "बघू दे की तिलाबी." आठवीत गेल्यावर ते बंद झालं. का बंद झालं ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण तोवर जे शिकायचं ते शिकून झालं होतं.

बाबा मॅच बघताना समोरच्या संघाला फारसं बोलायचे नाहीत. सगळा आवाज आपल्याच पोरांसाठी. "अरे, माघारी ये! जागा सोडून कुठं निघालास?" आपल्या डाव्या बाजूचा बचाव कच्चा आहे, आपला कीपर पुढं यायला घाबरतो, आपला अमुक पोरगा स्वतःच गोल मारायच्या नादात पास देत नाही, हे सगळं त्यांना पाठ. एकदा शेजारचा आमच्याच पेठेतला माणूस चिडून म्हणाला, "आपल्याच पोरास्नी कशाला बोलताय?" बाबा म्हणाले, "आपल्या पोरास्नी आपण नाही बोलायचं, तर काय त्यांनी येऊन बोलायचं?"

आणि समोरच्यांनी चांगला गोल मारला, तर बाबा टाळी वाजवायचे नाहीत. ते पेठेच्या इज्जतीचं होतं. पण हळूच माझ्या कानाजवळ म्हणायचे, "चांगला मारला." म्हणजे टाळी नाही वाजवायची, पण खोटंही नाही बोलायचं.

आता शाळेत येते. माझ्या बेंचवर जी शेजारीण होती ती शिवाजी पेठेतली. म्हणजे कट्टर 'शिवाजी'वाली. पीटीएम आणि शिवाजी तरुण मंडळ यांची मॅच झाली की दुसऱ्या दिवशी ती कंपासच्या टोकाने बेंचवर स्कोअर कोरायची. त्यांनी जिंकली तरच. आम्ही जिंकलो की मी कोरायची. सर, शाळेच्या मालमत्तेचं हे नुकसान आम्ही आज जाहीर कबूल करतो. दहावीपर्यंत बेंचवर जागा उरली नव्हती. पण त्यावरून आमचा अबोला एक दिवसही झाला नाही. डबा एकच असायचा.

नववीतली वर्गावर्गांतली फायनल आठवते का? आमचा 'अ' वर्ग आणि समोर 'ब'. पी.टी.चे सर आमचे वर्गशिक्षक आणि तेच पंच. आम्ही मुली कुंपणाजवळ उभ्या राहून ओरडत होतो. शेवटच्या मिनिटाला सरांनी आमच्याच विरुद्ध पेनल्टी दिली. आम्ही हरलो. मुलं आठवडाभर फुगून बसली. शेवटी एकाने धीर करून विचारलं, "सर, आपल्याच वर्गाविरुद्ध?" सर म्हणाले, "शिट्टी हातात असताना मी तुमचा वर्गशिक्षक नसतो." सर आज समोर बसलेत. सर, तेव्हा राग आला होता. त्या वाक्याची किंमत मला पंचेचाळिशीत कळली.

आता राजकारण. आपला ग्रुप सुरू झाला तेव्हा गुड मॉर्निंग, वाढदिवस आणि पोरांचे मार्क यापलीकडे त्यात काही नसायचं. मग २०१९ उजाडलं. पुढची पाच वर्षं महाराष्ट्रात काय झालं ते नव्याने सांगायला नको. एकाच विधानसभेने तीन मुख्यमंत्री पाहिले. ज्यांच्या विरोधात मतं मागितली त्यांच्याबरोबर सरकारं झाली, आणि हे दोन्ही बाजूंनी झालं. पहाटे उठून बघावं तर शपथविधी आटोपलेला, आणि ते सरकार आठवडाही टिकलं नाही. २०२२ च्या जूनमध्ये एक पक्ष फुटला, २०२३ च्या जुलैमध्ये दुसरा. फुटबॉलमध्ये खेळाडू संघ बदलतो तो सीझन संपल्यावर. इथं हाफटाइमलाही थांबले नाहीत. चालू मॅचमध्ये जर्सी बदलल्या, आणि वर संघाचं नाव आणि चिन्हही आपलंच म्हणून सांगितलं.

या सगळ्या काळात मी ग्रुपवर फार लिहायची. तुम्हाला आठवत असेल. २०२२ च्या त्या जूनमध्ये माझी बेंचवरची शेजारीण माझ्या विरुद्ध बाजूने काहीतरी बोलली. साधं दोन ओळींचं होतं. मी उत्तर दिलं, "ज्यांना वाचायची सवय नाही त्यांनी मत देण्याची घाई करू नये."

तिचं शिक्षण बारावीला थांबलं. का थांबलं, ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. मला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं.

ती त्याच रात्री ग्रुप सोडून गेली. माझ्या मेसेजला सतरा अंगठे होते. त्यातले बरेच अंगठे आज या हॉलमध्ये आहेत. दोष त्यांना देत नाही, मेसेज माझा होता. पण होते, एवढं सांगते.

यंदा दिवाळीत या मेळाव्यासाठी आम्ही सगळ्यांना फोन करत होतो. तिला दुसऱ्या मैत्रिणीने फोन केला. ती म्हणाली, "मी नाही येत. तिथं सगळी शिकलेली माणसं असतात."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या धंद्यात एखादी सिस्टिम बंद पडली की आधी कुणाला दोष द्यायचा नसतो, लॉग वाचायचा असतो. कुठल्या वेळी काय घडलं त्याची ओळीओळीने नोंद. म्हणून मी ग्रुपचं सगळं चॅट एका फाइलमध्ये उतरवून घेतलं, एक छोटा प्रोग्रॅम लिहून फक्त माझे मेसेज वेगळे काढले आणि तारखेप्रमाणे वाचले. मित्रहो, हा प्रयोग घरी अवश्य करा. पण पोटभर जेवून मग करा, कारण नंतर जेवण जात नाही.

एका मेसेजमध्ये मी लिहिलंय, 'हा मतदारांचा विश्वासघात आहे.' काही महिन्यांनी तशाच घटनेवर लिहिलंय, 'राजकारणात शेवटी आकडे लागतात, भाबडेपणा सोडा.' एकदा लिहिलंय की कोर्टाने हस्तक्षेप करायलाच हवा होता. दुसऱ्यांदा लिहिलंय की कोर्टाने यात पडू नये. तारखा सांगत नाही. सांगितल्या तर मी कोणत्या बाजूची ते तुम्हाला कळेल, मग अर्धे लोक खुश होतील, अर्धे चिडतील आणि ऐकायचं कुणीच नाही. 'लोकशाही' हा शब्द मी चाळीसेक वेळा वापरला होता. ज्यांना मी मत दिलं त्यांच्या चुकीबद्दल एकदाही नाही.

बाबा पीटीएमला जे सुनवायचे, त्याच्या दहावा हिस्साही मी माझ्या पक्षाला सुनावलं नव्हतं.

लोक म्हणतात, राजकारणाचा फुटबॉल करू नका. मीही म्हणायची. पण तो लॉग वाचल्यावर मला वाटायला लागलं की आपण तो केलाच नाही. केला असता तर बरं झालं असतं. फुटबॉलचा खरा प्रेक्षक पूर्ण मॅच बघतो, आपण राजकारणाचे फक्त हायलाइट बघतो, तेही आपल्याच बाजूने कापलेले. फुटबॉलच्या प्रेक्षकाला आपला कच्चा खेळाडू नावानिशी माहीत असतो. आपल्याला आपल्या पक्षात कच्चं कुणी दिसतच नाही.

त्याच फाइलमध्ये ६ ऑक्टोबर २०१७ ची रात्र आहे. सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात होता, आणि भारताच्या संघात आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव. पहिलीच मॅच अमेरिकेशी. त्या रात्री ग्रुपवर मंगळवार पेठ नव्हती, शिवाजी पेठ नव्हती. आपण ३-० ने हरलो. मग सगळ्यांनी मिळून भारताच्या बचावफळीची सालं काढली, पास कुठं चुकले, दम कुठं कमी पडला, सगळं. ती पण होती त्यात, सगळ्यांत पुढे. आणि कुणीही कुणाला देशद्रोही म्हटलं नाही. उलट, ज्याला जास्त प्रेम त्याची टीका जास्त, हे सगळ्यांना न सांगता कळत होतं. मग हे सरकारच्या बाबतीत का कळत नाही? कुठल्याही सरकारच्या?

पंचांचंही तसंच. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली आला. आमदार पक्ष सोडून गेला तर तो अपात्र की नाही, हे ठरवायचा अधिकार त्या कायद्याने विधानसभेच्या अध्यक्षांना दिला. अध्यक्ष निवडून येतात ते बहुतेक वेळा सत्ताधाऱ्यांमधूनच. म्हणजे शिट्टी एका संघाच्याच खेळाडूच्या हातात. २०२२ च्या जूनमधल्या फुटीचा निकाल आला १० जानेवारी २०२४ ला, दीड वर्षाने, आणि त्यात दोन्हीकडच्या एकाही आमदाराला अपात्र ठरवलं गेलं नाही. मी एका माणसावर टीका करत नाहीये. उद्या दुसरी बाजू सत्तेत आली तरी शिट्टी अशीच राहील. शिट्टी हातात आल्यावर वर्गशिक्षक राहायचं नाही, हे आपल्या पी.टी.च्या सरांना जमलं, कारण तो सरांचा स्वभाव होता. पण कायदा एखाद्याच्या स्वभावावर सोडून चालत नाही. आपला पक्ष जिंकत असतानाच ही शिट्टी दुसऱ्या कुणाकडे द्या म्हणणारा मतदार मला भेटायचाय. मी स्वतः तशी नव्हते.

आता त्या फाइलमधली शेवटची गोष्ट. यासाठीच मी विषय बदलला.

२०२१ च्या जानेवारीत माझ्या या मैत्रिणीने ग्रुपवर एक मेसेज टाकला होता. 'आता नगरसेवक तर नाहीत. आमच्या गल्लीतल्या दिव्याचं सांगायचं कुणाला? कुणाला माहीत आहे का?' बस्स, एवढाच. त्याच्या वर राज्याच्या सत्तासंघर्षावर दीडएकशे मेसेज, खाली तेवढेच. तिच्या मेसेजला एक उत्तर नाही. माझंही नाही. मी तेव्हा लोकशाही वाचवत होते.

तिने काय विचारलं होतं ते बघा. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. तेव्हापासून आजपर्यंत, पाच वर्षं, प्रशासक आहेत. ८१ नगरसेवकांची महापालिका, त्यात एकही निवडून आलेला माणूस नाही. तुम्हा सगळ्यांना महापौर चषक माहीत आहे. मी आत्ता विचारलं की सध्याचे महापौर कोण, तर सांगता येणार नाही, कारण महापौरच नाहीत. माझ्या पुण्यातही २०२२ च्या मार्चपासून तेच. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभाग किती आणि कसे यावर कायदे बदलणं आणि परत बदलणं. त्या काळात सरकारं दोन्ही बाजूंची होऊन गेली. ७४ व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट सांगितलंय की मुदत पाच वर्षांची आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण व्हायला हवी. ते आपण वाचलंय, इतिहासाच्या शेपटीला बांधलेल्या नागरिकशास्त्रात नसेल तर नंतर कुठंतरी. शेवटी यंदाच्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्याच म्हणून सांगितलं, तेव्हा हालचाल झाली.

केएसएची लीग एक महिना पुढं ढकलली तर कोल्हापुरात काय होईल? मिरजकर तिकटीपासून बिंदू चौकापर्यंत दुसरा विषय निघणार नाही. आणि गावाची मॅच पाच वर्षं झाली नाही, तर आपण सगळी शिकलेली माणसं शांत. त्या पाच वर्षांत आपल्या ग्रुपवरचा सगळ्यांत राजकीय प्रश्न जिने विचारला, तिला मी म्हणाले की वाचायची सवय नसलेल्यांनी मत देऊ नये.

स्टेडियमची आरती ओवाळायची नाहीये मला. तिथंही दगड, बाटल्या, शिव्या झाल्यात, बंदोबस्तात मॅच घ्यायची वेळ आलीय, आणि कुठला चषक कुठल्या नेत्याचा हे तर बॅनरवरच दिसतं. शिवाय एक फरक उरतोच. पीटीएम माझी आहे ती मरेपर्यंत. हरो, जिंको, ती बदलत नाही. पक्षाला तसं जन्माचं देऊन टाकायचं नसतं. पेठ मिळते, मत द्यावं लागतं. आणि मॅच संपली की हरलेली पेठ आपल्या घरी जाते. निवडणूक संपली की हरलेले आणि जिंकलेले एकाच नळाचं पाणी भरतात.

तुम्हाला वाटेल, ही आता सगळ्यांवरचा विश्वास उडालेली बाई झाली. तसं नाही. ज्याचा विश्वास उडाला तो मॅचला येतच नाही. बाबा शेवटच्या आजारपणापर्यंत यायचे आणि ओरडायचे. मीही १५ जानेवारीला पुण्यात मत देणार आहे, तुम्ही इथं द्याल. या वेळी बहुतेक प्रभागांतून चार-चार जण निवडून द्यायचेत, म्हणजे चार बटणं. माझी एकच विनंती आहे. ज्याला मत देणार आहात, त्यालाच एक अवघड प्रश्न विचारा. समोरच्याला नको. त्याला विचारणारे पुष्कळ आहेत. मी यादी केली आहे. माझ्या बाजूच्या उमेदवाराला विचारायचे चार प्रश्न झालेत, आणि खरं सांगते, पहिला लिहायला मला दोन दिवस लागले.

आता राहिलं एक. मी दिवाळीनंतर तिच्या घरी गेले. तिने चहा दिला, जास्त बोलली नाही. मी माफी मागितली. ती म्हणाली, "सगळ्यांसमोर बोललीस, आणि माफी स्वयंपाकघरात मागतीस होय?"

बरोबर बोलली. म्हणून आज इथं उभी आहे.

ती आली आहे. मागच्या दाराजवळच्या रांगेत बसलीय, कधीही उठून जाता येईल अशा जागी. नाव घेत नाही, तिला आवडणार नाही. बाई गं, मी चुकले. मत वेगळं होतं म्हणून नाही, ते अजूनही वेगळं आहे आणि मी त्यावर भांडणार आहे. तुझ्या शिकण्यावरून बोलले, ते चुकले. आणि २०२१ सालच्या तुझ्या प्रश्नाला मी पाच वर्षांनी उत्तर देतेय. कुणाला सांगायचं ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. ते शोधायचं सोडून मी भाषणं देत बसले.

सतरा अंगठेवाल्यांनी आपापलं बघावं.

मॅच लागली की मी कोल्हापूरला येते. पीटीएम आणि शिवाजीची असेल तर दोघी जाऊ. आठवीत माझं बंद झालं होतं, तुझं तर सुरूच झालं नव्हतं. तू तुझ्या पोरांना ओरड, मी माझ्या पोरांना ओरडते.